शोमरोनाची विहीर आणि पंडिता रमाबाई

योहानकृत शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायात एक लहानशी कथा आहे. शोमरोन प्रांतातील एक स्त्री भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर पाणी भरावयास येते. प्रवासाने थकून तेथे बसलेला येशू तिजपाशी पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. म्हणून ती चकित होते. १९२७ साली महाडास पाण्याकरिता सत्याग्रह करावा लागला, हे जाणणाऱ्या महाराष्ट्रीयास तिच्या आश्चर्याचा अर्थ उलगडून सांगावयास नको.

तिला पाच पती होऊन गेले होते आणि सोबतचा पुरुष तिचा पती नव्हता, एवढेच कथेत येते. ते पाचजण वारले की त्यांनी तिला टाकिले, हे कथाकार सांगत नाही. तरीही पुष्कळ उपदेशकांनी तिला निःशंकपणे पतिता ठरविले.

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या. आईबाप दुष्काळात गेलेले, पती १८८२ साली निवर्तलेले, पदरी लहानगी मनोरमा. शास्त्रग्रंथांत इतर मतभेद कितीही असोत, स्त्रीच्या हीनत्वाविषयी मात्र एकवाक्यता आहे, असा त्यांचा अनुभव होता. लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी पतित मानिलेल्या स्त्रियांचा सांभाळ करीत. ही आस्था कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांस हीच कथा वाचून दाखविली. उपदेशकांनी त्या स्त्रीचे पती मोजले. रमाबाईंना दिसले ते हे की, जिला सर्वांनी हीन लेखिले तिजशी येशू धर्माविषयी बोलत आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मराठीत ख्रिस्तकथा जुनीच. फादर स्टीफन्स यांनी ती १६१६ साली ओवीबद्ध केली. पण ती स्त्रीच्या लेखणीतून उतरावयास तीन शतके लागली. पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव लागते. तेथील मुक्तिसदनात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यातील बायामाणसांसही समजावे म्हणून, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणिले. तेथील छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील स्त्रियाच करीत. काम पुरे होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी तर, पती रेव्हरंड टिळक १९१९ साली गेल्यावर, त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ काव्य चौसष्ट अध्याय रचून पुढे नेले.

त्या शोमरोनी स्त्रीचे नावही शुभवर्तमानात नाही. घागर तेथेच टाकून ती गावात धावली आणि तिच्या शब्दावरून लोक विहिरीकडे आले, एवढे मात्र आहे. तिजवर कोणी आज कादंबरी रचू लागला, तर पाच पतींचा हिशेब त्याने खुशाल मांडावा. परंतु तो आधी तिच्या तोंडून ऐकावा. ज्या जागा कथाकाराने मोकळ्या सोडिल्या, त्या बदनामीने भरण्याचा अधिकार कोणासही नाही.