पटाभोवतीची पंगत

खेळांचा इतिहास लिहावयास बसलेले विद्वान पटाची आकृती कशी होती, सोंगट्या किती होत्या, फासे कशाचे घडवीत आणि नियम कोणत्या मुलखातून कोणत्या मुलखात गेले, याचा कसून शोध घेतात, व तो शोध आदरास पात्रही असतो. परंतु त्या पटाभोवती कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसले, आणि बसण्याइतकी रिकामी रात्र त्यांच्या वाट्यास कोणत्या कारणाने आली, हा प्रश्न त्यांच्या टिपणांत क्वचितच डोकावतो. कोल्हापूर सोडून पंचगंगेचा पूल ओलांडला की लागणाऱ्या पुलाच्या शिरोलीत, सांगली फाट्याच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्यांतून, दिवसा एमआयडीसीतील फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये हात काळे करणारे शिकाऊ उमेदवार आणि तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी रात्री जो डाव मांडतात, त्याची कुळकथा सांगावयाची तर मला प्रथम हाच प्रश्न विचारावासा वाटतो. खेळ जुनेच आहेत; भोवती बसणारी मंडळी मात्र नवी आहेत.

आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पट हा नवराबायकोचा आहे. वेरूळला शिवपार्वतींच्या अक्षक्रीडेचे शिल्प एकाहून अधिक लेण्यांत कोरलेले असून, त्यांपैकी काहींत वर उमामहेश्वरांचा लटका कलह रंगला असता खाली गणांनी नंदीस सतावून सोडले आहे. शिल्पकारास डावाइतकेच डावाभोवतीच्या रिकामटेकड्या मंडळींचेही कौतुक होते, हे त्यावरून उघड होते. खंडोबाच्या लोककथेत तर देव म्हाळसेशी पैजेवर सारीपाट खेळतो, हरतो, आणि हरल्याच्या शर्तीप्रमाणे बारा वर्षे वनवास पत्करून धनगरवाड्यात बाणाईकडे जाऊन राहतो. (हरण्यात देवाचा काही डाव असावा, अशी शंका म्हाळसेच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या श्रोत्यांस नेहमीच आलेली आहे.) मर्त्य माणसांच्या पटाची हकिकत इतकी गोड नाही. चक्रधरस्वामी पूर्वाश्रमी हरिपाळदेव असताना द्यूतात हरले, ते देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागितले, आणि तिने ते नाकारल्यावर त्यांच्या मनात वैराग्याचे बीज पडले, ही कथा महानुभावांच्या घरी सर्वांस पाठ असते. राजदरबारी मात्र याच खेळांस विद्येची प्रतिष्ठा होती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना बुद्धिबळ, फासे आणि कवड्या यांच्या क्रीडांस स्वतंत्र अध्याय दिले आहेत. आणि कोल्हापूरचे शिलाहार त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक असल्याने, पंचगंगेच्या काठच्या कोणा सामंताने कल्याणीच्या रीतीने पट मांडला असेल, असे मानण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

म्हणजे पट घराचा होता आणि दरबाराचा होता. सामान्य रयतेस तो विशिष्ट दिवशी मोकळा होई. बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदा हे दुसरे नाव आहेच. एरवी कवड्या नाहीतर चिंचोके हाताशी घेऊन पाच बाय पाच घरांचा चल्लस मांडावा तो बायकांनी, श्रावणातल्या दुपारी, नाहीतर पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी. विद्यार्थ्याचे नाव या यादीत कोठेच नाही. मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्यास ज्या गोष्टी वर्ज्य सांगितल्या त्यांत द्यूत येते, आणि आमच्या शाळामास्तरांस मनूचे नाव ठाऊक नसले तरी त्यांच्या हातची छडी त्याच मताची होती.

या बैठ्या खेळांचे दोन मोठे वारसे कोल्हापूरच्या दोन बाजूंस वाढले. नैऋत्येस, आंबोली घाट उतरून गेले की सावंतवाडी. तेथे चितारी मंडळी चिंचोक्याची खळ देऊन पत्ते घडवीत, त्यांवर अवतारांची चित्रे काढून वर लाखेचे रोगण चढवीत, आणि सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हात दिला नसता तर ही कला नामशेषच व्हावयाची होती. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. त्यातील एक नियम मला फार आवडतो: खेळ दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो आरंभ करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. रात्रीच्या डावास स्वतंत्र दैवत देणारा हा कायदा ज्याने घातला, तो माणूस दिवसभर राबून रात्री खेळणारांपैकीच असावा.

पूर्वेस, शिरोलीहूनच फुटणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, सांगली. राजाने एकदाच घोड्याची उडी घ्यावी, प्याद्याने आरंभीदेखील एकच घर सरकावे, आणि प्यादेमात हा सर्वांत मानाचा विजय समजावा, अशी आपल्याकडील जुन्या बुद्धिबळाची वहिवाट होती. ती मागे पडून आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खेळ या भागात रुजला, त्यात भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली सांगलीत स्थापन केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाचा वाटा फार मोठा आहे. कोल्हापूरचे चित्त मात्र अशा खेळांत कधी गुंतले नाही. जेथे १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले गेले, जेथे पेठेपेठेची तालीम हीच तरुणांची संध्याकाळ, तेथे बसून खेळणाऱ्यास ‘उठ की लेका’ असे ऐकावे लागावे, हे स्वाभाविकच होते.

परंतु ज्या घटनेने रात्रीचा पट विद्यार्थ्याच्या पुढ्यात आणून ठेवला, ती घटनाही कोल्हापुरातच घडली. १८९६ साली राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहण्यात आले. थोड्याच वर्षांत तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचीच वस्ती उरली, तेव्हा शाहू छत्रपतींनी ती तजवीज सोडून १९०१ पासून जातवार बोर्डिंगे उभारण्याचा निराळा मार्ग धरला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह: पाहता पाहता ही राजधानी खेड्यापाड्यांतील मुलांनी भरून गेली. एका वयाची मुले, आईबापांच्या नजरेआड, एका छपराखाली आणि एका दिव्याभोवती रात्र काढू लागली, हा बदल वरकरणी किरकोळ दिसतो. परंतु मित्रांची रात्र नावाची वस्तू आपल्या समाजात तोवर जवळजवळ नव्हतीच. घरात भावंडे असत, गावात भावकी असे, तालमीत वस्ताद असे; केवळ सोबती, आणि त्यांच्यासह मोकळी रात्र, हे बोर्डिंगाचे देणे होय.

मात्र या पटास जातीचे कुंपण होते. ज्याच्या पंगतीस बसता येत नाही त्याच्या पटास तरी कसे बसावे? मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास जैन बोर्डिंगातील एक विद्यार्थी गेला, परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्याने नकार दिला, आणि अखेर त्यास ते बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनीच १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील असे वसतिगृह काढले, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. जातवार बोर्डिंगांबद्दल आज नाक मुरडणारे बरेच भेटतात. मला तो आक्षेप अन्यायाचा वाटतो; सर्वांसाठी म्हणून उघडलेले दार प्रत्यक्षात एकाच जातीस उपयोगी पडत असेल, तर इतरांसाठी निराळी दारे पाडणारा राजा व्यवहार जाणणारा होता, आणि त्या दारांतून आत आलेल्यांपैकीच एकाने पुढे मधल्या भिंती पाडल्या.

मधल्या भिंती पडण्याचा दुसरा प्रसंग कायद्याच्या आणि कारखान्याच्या वाटेने आला. १९६१ साली केंद्राने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला, त्याच वर्षी महाराष्ट्राने औद्योगिक विकासाचा कायदा केला, १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी अस्तित्वात आली, आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. इतक्या थोड्या मुदतीत शिकणे, राबणे आणि राबत शिकणे या तिन्हींची सरकारी घडी बसली. शिवाजी उद्यमनगरात तेलइंजिने आणि ओतकाम यांवर वाढलेला कोल्हापूरचा कारखानदार पुढे शिरोलीच्या विस्तीर्ण प्लॉटांवर आला, आणि त्याच्यामागोमाग जत, गडहिंग्लज, सांगोला, निपाणी अशा चारी दिशांची मुले आली. त्यांस खोली देताना घरमालकाने जात विचारली नसेल असे मी म्हणणार नाही. परंतु एका खोलीत चौघांनी राहून भाडे वाटून घ्यावयाचे, या गणितापुढे बाकीचे प्रश्न हळूहळू लाजून मागे सरले.

मी विद्यार्थिदशेत अशाच एका खोलीत राहिलो. दुसऱ्या पाळीचा सोबती मध्यरात्रीच्या सुमारास परते, त्याच्या अंगास भट्टीचा वास असे, आणि तो हातपाय धुऊन येईपर्यंत कोब्यावर खडूने चल्लस आखलेला असे. सोंगट्या म्हणजे कारखान्यातून आलेले नट आणि वॉशर. दान टाकावयास अर्धे फोडलेले चार चिंचोके. सगळे पालथे पडले की आठ, सगळे उताणे पडले की चार. पत्त्यांस मात्र घरमालकाची सक्त मनाई होती. १८८७ च्या मुंबई जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत, आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर हा मुलूखही मुंबईच्या कायद्यांखाली आला, ही माहिती त्या गृहस्थांस असण्याचे कारण नव्हते. पत्ता दिसला की पाठोपाठ पोलीस येतो, एवढे न्यायशास्त्र त्यांस पुरेसे होते, आणि चिंचोक्यांत दैवाचा भाग पत्त्यांहून अधिक आहे हे त्यांच्या ध्यानी कधी आले नाही.

कोणीतरी घरून ‘व्यापार’ आणला तेव्हा खोलीत नवे पर्व सुरू झाले. या खेळाच्या पूर्वजाचा स्वामित्वहक्क अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली घेतला, तो जमीनमालक घरबसल्या भाडे खाऊन इतरांस कसा कंगाल करतो हे लोकांस शिकविण्याच्या हेतूने. १९३५ साली पार्कर बंधूंनी त्याचेच रूपांतर ‘मोनोपॉली’ नावाने बाजारात आणले आणि मूळचा उपदेश गळून केवळ कंगाल करण्याचा आनंद शिल्लक राहिला. महिनाअखेरीस खऱ्या भाड्याची जमवाजमव करणारी मुले खोट्या नोटा मोजून परस्परांकडून निर्दयपणे भाडे वसूल करीत, तेव्हा मॅगीबाईंचा धडा त्यांच्या इतका जवळ असूनही कोणी घेत नसे.

खरा झगडा नियमांचा. निपाणीकडच्याच्या मते पहिली सोंगटी मारल्याखेरीज आतल्या घरांत शिरता येत नाही. जतचा म्हणे, येते. गडहिंग्लजच्याकडे आठ पडले तर पुन्हा दान, सांगोल्याच्याकडे सलग तीन वेळा मोठे दान पडले तर ते सगळे जळाले. प्रत्येकाने आपला नियम आजीकडून घेतलेला, त्यामुळे तो खोटा ठरविणे म्हणजे आजीस खोटे ठरविणे. घरच्या पटावर हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तेथे एकच आजी असते. वसाहतीतल्या खोलीत चार आज्यांचा कज्जा चाले. अखेर वहीच्या पाठकोऱ्या कागदावर करारनामा लिहून भिंतीस चिकटविण्यात आला. त्यात कलमे होती, अपवाद होते, आणि तक्रार उद्भवल्यास त्या रात्री चहा करणाराचा निर्णय अंतिम राहील अशी तरतूदही होती. माझ्या मते त्या खोलीतील सर्वांत गंभीर शिक्षण ते होते. साच्याची वाळू किती ओली असावी हे आम्हांस कारखान्याने शिकविले, परंतु परक्या गावच्या माणसाशी तडजोड कशी लिहून काढावी हे त्या कागदाने.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस वाहतूक ठप्प झाली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले, आणि या दोहोंमध्ये टाळेबंदीचे वर्ष येऊन गेले. टाळेबंदीत ज्या लूडोने घरोघरचे मोबाइल भरून टाकले, तो इंग्रजांनी १८९६ साली आपल्याच पचिसीचे रूप पालटून स्वामित्वहक्कात बांधलेला खेळ होय. रस्ता बंद, कारखाना बंद, वीज गेलेली, फोन निपचित पडलेले, अशा वेळी खडूने आखलेल्या पटाचा भाव किती वधारतो हे पूर अनुभवलेल्या कोणत्याही खोलीत विचारावे. पुढे मी शिरोलीस गेलो असता त्या खोलीत नवी मुले राहत होती. करारनामा दुसऱ्या हाताने नव्याने उतरून घेतलेला होता, दोन कलमे वगळली होती, आणि तळाशी एक वाढविले होते: चौघे खोलीत हजर असताना फोनवर लूडो खेळणाऱ्याने सर्वांची भांडी घासावी.