बारावीचा दाखला आणि विद्यापीठाचं दार

जून उजाडला की आमच्या देहूरोडच्या बचत गटांत हप्त्यांच्या हिशेबाबरोबर आणखी एक विषय निघतो. "ताई, मला आता बीए करता येईल का?" विचारणारी कुणी दहावीला शाळा सोडलेली असते, कुणी बारावीला इंग्रजीत अडकलेली, कुणी लग्नाआधी एफवायपर्यंत पोचलेली. कुठलं विद्यापीठ काय मागतं, हे तर आज सांगूच. पण या अटी आल्या कुठून, ते आधी पाहू.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं. पुण्याची मुलंही त्याच विद्यापीठाची, कारण पुण्याला स्वतंत्र विद्यापीठ व्हायला १९४९ साल उजाडलं. आत जायचं तर मॅट्रिक पास व्हावी लागे, आणि इंग्रजी आल्याशिवाय ती होणे नाही. बायकांना परीक्षांना बसायची मुभा १८८३ साली मिळाली. पुढच्या काही वर्षांतच पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्या, या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. त्या इंग्लंडला गेल्या, १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं! ते सुरू झालं १९२० साली. म्हणजे परीक्षेला बसू दिलं, आणि कागद हातात पडायला तीस वर्षं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी दार वेगळ्या बाजूने उघडलं. हिंगण्याला विधवांचा आश्रम आणि मुलींची शाळा ते चालवत होतेच. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी बायकांचं विद्यापीठ काढलं. सुरुवातीला विद्यार्थिनी फक्त पाच. शिकवणं मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. प्रवेश परीक्षाही विद्यापीठाची स्वतःची. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच आपलं एसएनडीटी. पण सरकारी कायद्याची मान्यता मिळेपर्यंत स्वातंत्र्य उजाडून गेलं होतं. तोवर तिथल्या पदवीला बाहेर कितीतरी ठिकाणी किंमत नव्हती. आत जाणं सोपं, बाहेर पडल्यावर वाट अडलेली. आमच्या मते प्रवेशाची अट बघताना हीच बाजू बायका सगळ्यांत जास्त विसरतात.

वेळ हीसुद्धा एक अटच असते. देहूरोडच्या बुद्धविहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ च्या डिसेंबरात मूर्ती बसवली, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. चाकणच्या कंपनीत पाळीवर जाणारीला याचा अर्थ फोडून सांगायला नको.

मग नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ सालचं. पहिले कुलगुरू राम ताकवले, जे आधी पुणे विद्यापीठाचेही कुलगुरू होते. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघालं होतं आणि जुनं शिक्षण न विचारता तिथे प्रवेश मिळे. नाशिकने त्याच वाटेवर पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला: वय १८ पूर्ण, लिहिता-वाचता येत असेल, तर ही परीक्षा देऊन बीएला बसता येई. पुस्तकं मराठीत, वर्ग सुट्टीच्या दिवशी. कितीतरी बायका त्या दारातून पदवीपर्यंत गेल्या.

पण इथे कॉर्नेलियाबाईंची गोष्ट आठवा. अंगणवाडी सेविकेच्या भरतीला आता बारावी मागतात. बारावी न करता घेतलेली पदवी तिथे पुढे केली, तर अडचण येऊ शकते. शिवाय दूरशिक्षणाचे नियम अलीकडे बदलले आहेत. त्यामुळे "माझ्या जावेला मिळालं होतं" यावर जाऊ नका. यंदाची माहितीपुस्तिका बघा.

पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात रोज जायचं तर बारावी पास हवीच, हजेरीही हवी. एसएनडीटीलाही बारावी लागते, तिथे दूरशिक्षणाचीही सोय आहे. बारावी राहिली असेल, तर आमचा सल्ला आधी १७ नंबरचा फॉर्म भरण्याचा. शाळेत रोज न जाता बोर्डाची परीक्षा देता येते. दहावी होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात, आणि आपल्यातल्या बहुतेकींना तर वीस झाली. एक वर्ष जास्त जाईल, पण तो दाखला सगळीकडे चालतो.

तेव्हा पुढच्या बैठकीला शाळा सोडल्याचा दाखला, जुनी गुणपत्रिका आणि आधार कार्ड घेऊन या. दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागेल. ते काम वेळ खातं, म्हणून फॉर्म निघायच्या आधीच हाती घेऊ.