मयत ओवेन टेलर

सेशन्स कोर्टात ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची काही शिरस्तेदार म्हणून. त्यामुळे सिनेमा बघतानाही माझा हात कागदाकडे जातो. भाच्याने ‘द बिग स्लीप’ची डीव्हीडी लावली तेव्हाच बजावलं होतं, “मामा, गोष्ट कळून घ्यायला जाऊ नका. ती कुणालाच कळलेली नाही. नुसते बोगार्ट आणि बकॉल बघा.”

मला हे पटलं नाही. सात माणसं मेली आणि म्हणे कळून घ्यायला जाऊ नका! पाठकोऱ्या कागदावर चार रकाने आखले: मयत, ठिकाण, कारण, आरोपी.

पाच ओळी सरळ भरल्या. गायगर, दुर्मिळ पुस्तकांचा दुकानदार, घरात गोळी. आरोपी ओवेन टेलर, म्हाताऱ्या जनरल स्टर्नवुडचा ड्रायव्हर. जो ब्रोडी, स्वतःच्या दारात गोळी. आरोपी गायगरचा माणूस लंडग्रेन. आपल्या मालकाला ब्रोडीनेच मारलं असा त्याचा गैरसमज. खबर विकायला आलेल्या हॅरी जोन्सला मारेकरी कॅनिनोने विष पाजलं. कॅनिनोला डिटेक्टिव्ह मार्लोने मारलं. जुगारअड्ड्याचा मालक एडी मार्स आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी गेला. सहावा शॉन रीगन, जनरलचा विश्वासू माणूस, सिनेमा सुरू व्हायच्या आधीच गेलेला. त्याच्यापुढे जनरलची धाकटी मुलगी कार्मेन, पण पेन्सिलीने. सातवा तोच ड्रायव्हर टेलर. गायगरचा खून झाला त्याच रात्री त्याची गाडी लिडोच्या धक्क्यावरून समुद्रात गेली. आरोपीचा रकाना कोरा.

मग मूळ कादंबरी मागवली. तिचा लेखक रेमंड चँडलर तेल कंपनीतला बडा अधिकारी होता. १९३२ मध्ये नोकरी गेली आणि चाळिशी उलटल्यावर तो ‘ब्लॅक मास्क’सारख्या स्वस्त मासिकांत लिहू लागला. १९३९ ची ही पहिली कादंबरी रचताना त्याने आपल्याच जुन्या गोष्टी मोडून घेतल्या. पावसातला खून, अश्लील धंदा, ड्रायव्हर हे १९३५ च्या एका गोष्टीतलं. म्हातारा जनरल आणि नाहीसा झालेला जावई १९३६ च्या दुसऱ्या गोष्टीतले. दोन खटल्यांचे कागद एका दोऱ्यात ओवले की काय होतं, ते मी नोकरीत पाहिलं आहे. मधलं एखादं पान कोणत्या प्रकरणाचं, हे शेवटपर्यंत ठरत नाही. टेलर हे तसलं पान.

चँडलरने पंचनामा मात्र नीट केला आहे. गाडीचं हाताने लावायचं थ्रॉटल अर्ध्यावर, मान मोडलेली, कानशिलाजवळ मार. ब्रोडी कबूल करतो की गायगरच्या घरापासून आपण टेलरचा पाठलाग केला, डोक्यात टोला घातला, त्याच्याकडची फोटोची काच काढून घेतली. पुढचं आपल्याला माहीत नाही म्हणतो.

१९४४ च्या ऑक्टोबरात वॉर्नर ब्रदर्समध्ये सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. पटकथेला विल्यम फॉकनर, ली ब्रॅकेट आणि ज्यूल्स फर्थमन. पहिल्या दोघांनी प्रकरणं वाटून घेऊन लिहिलं. दोन कारकुनांनी एक रोजनामा लिहावा तसंच हे. सेटवर दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि मार्लो झालेला हम्फ्री बोगार्ट यांचा वाद झाला: टेलरचा खून की आत्महत्या? चँडलरला तार गेली. त्यालाही ठाऊक नव्हतं. हे त्यानेच १९४९ च्या एका पत्रात सांगून टाकलं आहे. लोक या किश्शावर हसतात. मला चँडलरचं कौतुक वाटतं. आमच्याकडे न पाहिलेलं छातीठोकपणे सांगणारे साक्षीदार पायलीचे पन्नास.

पण सगळा दोष टेलरच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. घोटाळ्याचं मोठं कारण डीव्हीडीच्या दुसऱ्या बाजूला सापडलं. सिनेमा दोनदा झाला आहे! पहिला १९४५ च्या जानेवारीत शूट होऊन तयार झाला. महायुद्ध संपत आलं होतं. युद्धपट शिळे व्हायच्या आत स्टुडिओला ते खपवायचे होते, म्हणून हा मागे ठेवला आणि तूर्त परदेशातल्या सैनिकांना दाखवला. दरम्यान लॉरेन बकॉलच्या दुसऱ्या एका चित्रपटावर समीक्षक तुटून पडले. तिचा एजंट चार्ल्स फेल्डमन याने स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नरला लिहिलं की हिची दृश्यं नव्याने घ्या. १९४६ च्या जानेवारीत ती घेतली. हॉटेलात बसून घोड्यांच्या शर्यतीच्या आडून बोगार्ट-बकॉल जे भलतंच बोलतात ते तेव्हाचं. (भाच्याने ते तीनदा लावलं. मी काही बोललो नाही.) जागा करायला काहीतरी जाणं भाग होतं. गेलं ते सरकारी वकिलाच्या कचेरीतलं दृश्य, जिथे मार्लो तोवरचा हिशेब ओळीने मांडतो. एडी मार्सच्या बायकोचं काम करणारी नटीसुद्धा बदलली. ऑगस्ट १९४६ मध्ये प्रदर्शित झाला तो हा. जुना थिएटरात यायला १९९७ उजाडलं.

म्हणजे दोषारोपपत्र होतं. ते फाइलीतून काढून तिथे प्रेमपत्र लावलं, आणि तिकीटबारीच्या दृष्टीने बरोबरच केलं.

उरलेलं सेन्सॉरने केलं. पुस्तकात गायगरच्या दुकानात अश्लील पुस्तकं भाड्याने मिळतात आणि कार्मेनचे नग्न फोटो काढले जातात. सिनेमात ती चिनी पोशाखात अंगभर झाकून बसलेली; मग त्या फोटोवरून घरच्यांना धमकावून पैसे कोण कशाला मागेल? पुस्तकात रीगनचा खून तिनेच केला आहे आणि एडी मार्स शेवटी जिवंत आहे. पडद्यावर मार्लो ते पाप मार्सच्या नावावर घालायचं ठरवतो. पेन्सिल मी त्यासाठीच घेतली होती.

टेलरच्या ओळीवर भाचा म्हणाला, “ब्रोडी लिहा की, मामा.” तसं पाहिलं तर मयताबरोबर शेवटचा तोच होता, हेतू होता, मालही त्याच्याकडेच मिळाला. नाकारतो म्हणावं, तर पुढे विचारायच्या आत तो दारात गोळी खाऊन पडला, आणि उलटतपासणी न झालेल्या साक्षीला वजन नसतं. उलट बाजूला, शुद्धीवर आलेला टेलर, नुकताच खून केलेला, कार्मेनच्या पायी वेडा झालेला, स्वतःच धक्क्याकडे गेला नसेल असं कोण सांगणार?

मी ब्रोडीचं नाव लिहिलं आणि शेऱ्याच्या जागी, सवयीने, ‘आरोपी मयत, खटला काढून टाकला’.