ट्रॉलीला ब्रेक आहे का? हंगामाआधी एवढं तपासून घ्या

नंदनवन (नागपूर) : उमरेड, कुही, भिवापूर भागातला शेतमाल घेऊन ट्रॅक्टर शहरात शिरला की सिग्नल, ऑटो, शाळेची पोरं सारं एकदम समोर येते. गाडी जागेवर थांबवावी लागते. पण आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. सगळा भार ट्रॅक्टरवर.

ट्रॅक्टरचा ब्रेक बहुतेक मागच्या दोन चाकांवरच लागतो. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जड असते. ब्रेक दाबला की ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो, कधी पलटीही खातो. वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, हे लक्षात ठेवा.

ट्रॉलीचा ब्रेक कसा चालतो?

साध्या प्रकारात दांड्याचा पुढचा भाग सरकता असतो. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते, दांडा आत सरकतो, त्याला जोडलेला रॉड ओढला जातो आणि ड्रममधले लायनर घासून चाक थांबते. दुसऱ्या प्रकारात तेलाच्या पाइपने हाच दाब ट्रॅक्टरवरून ट्रॉलीच्या चाकापर्यंत जातो. परदेशातल्या घरासारख्या ट्रॉल्यांना विजेवर चालणारे ब्रेक असतात, पण शेवटी तिथेही लायनरच ड्रमला घासते.

काय तपासायचं?

१. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल रस्त्यावर लॅचने जोडलेले पाहिजेत. शेतात वळणासाठी सोडलेला लॅच तसाच राहिला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो.

२. रिकाम्या जागी हळू चालवून ब्रेक दाबा. ट्रॅक्टर एका बाजूला जात असेल तर मिस्त्रीकडून दोन्ही बाजू सारख्या करून घ्या.

३. लायनर घासलं असेल तर दोन्ही चाकांचं सोबतच बदला. ग्रीस लागलेलं लायनर पुसून चालत नाही. ऑइल सीलही बदला.

४. सरकत्या दांड्याला ग्रीस द्या. गंजून जाम झाला तर ब्रेक लागतच नाही. तेलाचा पाइप कुठे झिरपतो का, तेही पाहा.

५. फेरीनंतर ड्रमजवळ हात नेऊन अंदाज घ्या, हात लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटला किंवा बेअरिंग गेली.

६. हूकच्या पिनला लॉक आणि सोबत साखळी पाहिजेच.

चाक खोलण्याआधी ट्रॉली रिकामी करा, बाकी चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

उतारावर

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, क्लच दाबून ठेवू नका. इंजिनची पकड सुटली की सारा भार ब्रेकवर येतो, तापलेला ब्रेक मग धरत नाही.

ज्यांच्या ट्रॉलीला ब्रेकच नाही त्यांनी भार कमी ठेवावा, वेग कमी ठेवावा, मागे रिफ्लेक्टर लावावा. नवी ट्रॉली बनवायला टाकताना मात्र ब्रेक आधी सांगा, रंग नंतर.