विनोदी, मिश्किल की वात्रट? हसवणाऱ्या माणसांसाठीचे मराठी शब्द

शोकसभेत गेलेल्या काकांबद्दल ‘ते मोठे मिश्किल होते’ असे कुणी म्हटले, तर समोरच्यांच्या चेहऱ्यावर आठवणीने हसू येते. त्याच जागी ‘ते मोठे टवाळ होते’ म्हटले, तर घरचे दुखावतात. दोन्ही शब्द थट्टा करणाऱ्याचेच आहेत. मराठीत असे शब्द भरपूर आहेत आणि शब्दकोशात त्यांचे अर्थ एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. शब्द निवडताना मात्र पाहावे लागते की हसणे कुणाच्या जिवावर चालले आहे.

‘विनोदी’ हा त्यातला सर्वांत सुरक्षित शब्द. ‘विनोद’चा संस्कृतातला मूळ अर्थ दूर सारणे असा आहे, त्यावरून शीण, कंटाळा घालवणारी करमणूक म्हणजे विनोद. विनोदी माणूस, विनोदी लेखक, विनोदी नाटक, सगळे चालते. ‘हास्यास्पद’ मात्र त्याच्या जागी कधीही वापरू नये. विनोदी माणूस आपल्याला हसवतो, हास्यास्पद माणसाला आपण हसतो. ‘तुमचे भाषण हास्यास्पद झाले’ हे कौतुक म्हणून सांगून पाहा!

‘गमत्या’ हा घरगुती शब्द. लेखनात एक चूक फार दिसते: ‘गंमत’वर अनुस्वार असतो, पण पुढे प्रत्यय लागला की तो जातो. म्हणून गमत्या, गमतीदार, गमतीने, ‘गंमतीदार’ नव्हे.

मिश्किल माणूस स्वतः फारसा हसत नाही. गंभीर चेहऱ्याने एखादे वाक्य टाकतो आणि डोळ्यांतून हसतो. या शब्दात बुद्धीचे कौतुक आहे, म्हणून तो वडीलधाऱ्यांनाही शोभतो. ‘मुश्कील’ म्हणजे अवघड. तो शब्द वेगळा. ‘हजरजबाबी’ त्याचा शेजारी, पण त्याला समोर बोलणारा लागतो: प्रश्न आला की उत्तर तयार. बिरबलाच्या गोष्टी या गुणावरच उभ्या आहेत.

वात्रट, खट्याळ, चावट यांत मर्यादा ओलांडण्याची छटा येते. खट्याळ मुलाच्या खोड्या गोड वाटतात. चावट बोलण्यात शृंगाराचा चिमटा असतो, त्यामुळे कचेरीत तो शब्द जपून वापरावा. ‘वात्रट’ ही एके काळी निव्वळ तक्रार होती. ‘वात्रटिका’ या छोट्या, बोचऱ्या विनोदी कवितेमुळे त्याला थोडी प्रतिष्ठा मिळाली. मंगेश पाडगावकर आणि रामदास फुटाणे यांच्या वात्रटिका अनेकांनी वाचल्या-ऐकल्या आहेत. तरी शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘मुलगा वात्रट आहे’ असा शेरा आला, तर त्यात काव्य शोधू नये.

‘वल्ली’ची गोष्ट सर्वांत रंजक. हा शब्द अरबी ‘वली’पासून, म्हणजे ईश्वराच्या जवळचा, साधुपुरुष, यापासून आल्याचे मानतात. ‘अवलिया’ हे त्याच ‘वली’चे अनेकवचन, मराठीने ते एका माणसासाठी वापरायला घेतले. जगाची रीत न पाळणाऱ्या फकिरापासून अर्थ सरकत सरकत विक्षिप्त, पण हवाहवासा वाटणारा माणूस, इथपर्यंत आला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यानंतर वल्ली म्हणवून घेणे कुणाला फारसे खटकत नाही. तरुण मुले ‘काय अवली आहे हा!’ म्हणतात, तेव्हाही बहुधा कौतुकच असते. ‘नग’ आणि ‘नमुना’ मात्र पाठीमागे बोलायचे शब्द. ‘इरसाल’ या दोन्हींच्या मधला: माणूस बेरकी आहे, पण बोलणाऱ्याला त्याची गंमतही वाटते आहे.

रंगमंचाने दोन शब्द दिले. संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे राजाचा किंवा नायकाचा खादाड, बडबड्या मित्र. ‘शाकुंतला’त तो माधव्य, ‘मृच्छकटिका’त मैत्रेय. तमाशातला सोंगाड्या बतावणीत मोठ्यांची फिरकी घेतो आणि लोकांच्या मनातले बोलून जातो. १९७१ साली दादा कोंडके यांच्या चित्रपटाने ‘सोंगाड्या’ हा शब्द घरोघरी नेला. दोन्ही भूमिकांना कसब लागते, पण बोलण्यात दोन्ही शब्द घसरले. एखाद्या पुढाऱ्याला विदूषक म्हणणे हा अपमान असतो. सोंगाड्या म्हटले की तो ढोंगी ठरतो.

आणखी एक गोष्ट कोशात सापडत नाही: नाते. आजीने आजोबांना सगळ्यांदेखत ‘वात्रट मेला’ म्हटले तर घर हसते. नव्या सुनेने तेच सासऱ्यांना म्हणून चालत नाही. तिने ‘बाबा फार मिश्किल आहेत’ म्हणावे, आणि तेही सासूबाईंकडे बघून.