सोमवारचं सांबारं

गिरणगावातल्या खाणावळींबद्दल कुणी लिहायला घेतलं की सुरुवात बहुधा रविवारच्या मटणापासून होते. आमच्या घरातल्या गोष्टी मात्र सोमवारपासून सुरू होतात. माझी आजी लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. जेवायला येणारे सगळे गिरणीतले. कुणी कोकणातले, कुणी सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे, गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपणारे. पगार महिन्याचा, म्हणून जेवणाचा हिशेबही महिन्याचा. त्यांना ‘मेंबर’ म्हणत. बुधवारी, शुक्रवारी मासे, रविवारी मटण, बाकीचे दिवस डाळ, भाजी, उसळ. हे मला सांगितलं आत्यानं. ती तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होती आणि पंगतीत वाढायचं काम तिच्याकडे होतं.

आत्याच्या गोष्टीतला माणूस साचेखात्यातला, सातारकडचा, गळ्यात तुळशीची माळ. त्याचे गाववाले सगळे आजीकडे जेवायचे, हा एकटा दोन गल्ल्या पलीकडे जायचा. का, तर तिथं मासमच्छर शिजत नसे. पण रातपाळीहून आल्यावर एकट्यानं जेवायचं त्याच्या जिवावर यायचं. एक दिवस तो आजीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी, मी माळकरी. पर जेवायचं तर गाववाल्यांसंगं.” आजीनं त्याला लगेच हो म्हटलं नाही. तिनं आधी भेंडीबाजारच्या बाजूनं एक नवा टोप आणि एक पितळी डाव आणला. डावाच्या दांड्याला लाल चिंधी बांधली. तो टोप वेगळ्या फळीवर, तो डाव वेगळ्या खुंटीवर. आत्याला ताकीद दिली गेली, की हा डाव मासळी-मटणाच्या टोपात गेला तर तुझी पाठ फोडीन. मग आजीनं निरोप धाडला.

त्या माणसानं पहिले काही दिवस डावावर नजर ठेवली, असं आत्या सांगते. नंतर बघणं सोडलं. बुधवारी त्याच्या डाव्या बाजूचा बांगडा खाई, उजव्या बाजूचा बांगडा खाई, आणि मधे हा काळ्या वाटाण्याचं सांबारं भातावर घेऊन जेवे. त्यानं कधी नाक मुरडलं नाही आणि शेजाऱ्यांनी कधी मुद्दाम काटा दाखवला नाही. आजीचा नेम साधा होता. भांडं वेगळं, पंगत एक.

महाराष्ट्रातल्या हॉटेलांची जेवणं कशी बदलत गेली हे समजायचं तर या माळकऱ्याला समजून घ्यावं लागतं. आपल्याकडे शाकाहारी म्हटलं की डोळ्यांपुढे ब्राह्मण, लिंगायत, जैन, गुजराती येतात. पण मटण खाणाऱ्या हजारो घरांत एक म्हातारा माळकरी असतो. त्याच्यासाठी मटणाची चूल मागच्या अंगणात जाते, पातेली माळ्यावर जातात. आणि त्याच घरातले बाकीचे सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, संकष्टीला, श्रावणात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी स्वतःच शाकाहारी होतात. इथला शाकाहारी गिऱ्हाईक पुष्कळदा कालचा मटण खाणाराच असतो, फक्त आज त्याचा वार असतो. आजी स्वतः त्यातलीच. रविवारी सागोती चवीनं खाणारी ही बाई सोमवारी हात झटकून सांगायची, “माका आज सोमवार आसा.”

मुंबईत मुळापासून शाकाहारी असलेली उपाहारगृहं होतीच. दादरला मामा काणे १९१० पासून, माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून. त्यांनी मोठं काम केलं. परगावच्या एकट्या माणसाला घरच्यासारखं गरम जेवण दिलं. पण त्यांना काही बदलावं लागलं नाही. माझं मन रमतं ते ज्यांना बदलावं लागलं त्यांच्यात.

वेगळं भांडं ही गोष्ट आपल्याकडे भोळेपणानं सांगता येत नाही, हेही बोलायला हवं. कोल्हापूरच्या आमच्या आजोळी मोठी माणसं शाहू महाराजांची आणि गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या गंगारामांनी भर शहरात चहाचं हॉटेल काढलं, तिकडं कुणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही प्यायला लावू लागले. पुढं १९५० मध्ये राज्यघटनेच्या कलम १५ नं सांगितलं, की हॉटेलात आणि उपाहारगृहात जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. कायद्यात हॉटेल हा शब्द मुद्दाम घालावा लागला, इतकं आपलं खाणं जातीनं ग्रासलेलं होतं. जातीवरून ठेवलेली वेगळी कपबशी माणसाला दूर ठेवण्यासाठी होती. आजीचा चिंधी बांधलेला डाव माणसाला जवळ बसवण्यासाठी होता. दोन्ही वस्तू वरून सारख्याच दिसतात, म्हणून त्या कशासाठी ठेवल्यात हे दर वेळी विचारलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी आजीसारख्या खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली. बँकेचं कर्ज मिळू लागलं, सावकाराच्या व्याजातून अनेक जणी सुटल्या. आणि मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले ते पुष्कळसे परत आलेच नाहीत. आजीच्या वहीत कितीतरी मेंबरांची उधारी तशीच राहिली. तिनं ती कुणाला मागितली नाही आणि वहीही फाडली नाही.

खाणावळ बंद पडली, पण काकांच्या हातात तेवढंच कसब होतं. त्यांनी परळला मालवणी जेवणाचं छोटं हॉटेल काढलं. पुढं आसपासच्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, आणि दुपारी पाच-सहा जणांचे घोळके येऊ लागले. तेव्हा काकांच्या लक्षात आलं, की घोळक्यात एकच न खाणारा असला तरी सगळेच दुसरीकडे जातात. मुलं विचारायची, “व्हेज काय आहे?” काका म्हणायचे, “थाळी आहे ना.” ती थाळी म्हणजे पिवळी डाळ, बटाट्याची भाजी, पापड. बाजूच्याच्या ताटात सुरमई, तिसऱ्या, सोलकढी, आणि याच्या ताटात आजाऱ्याचं जेवण. पैसे तो तेवढेच मोजायचा. ही थाळी म्हणजे अपमान होता, आणि तो तेव्हा बहुतेक मांसाहारी हॉटेलांत वाढला जात होता.

तो थांबवला काकूनं. आजी तेव्हा हयात होती, आणि गल्ल्याशेजारच्या खुर्चीवरून तिचं सगळीकडे लक्ष असे. तिनं काकूला एवढंच सांगितलं, “त्या वाटाण्यांका सागोतीचाच वाटप लाव.” काळे वाटाणे रात्रभर भिजत घालायचे, त्यांची साल चिवट, घाई चालत नाही. शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, रस्स्याचा जीव त्यातच असतो. कांदा उभा चिरून तेलावर लालसर करायचा, मग त्यात ओलं खोबरं घालून बदामी होऊन तेल सुटेपर्यंत परतायचं. पाट्यावर वाटलेलं ते वाटप आणि वर घरचा मालवणी मसाला. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांसाठी नुसतं खोबरं, धणे, मिरची आणि हिंगाची फोडणी. सोबत कोंबडीबरोबर देतात तेच वडे. मग एकेक करून काजूची उसळ, फणसाची भाजी, रवा लावून भाजलेले सुरणाचे काप आले. घोळक्यातला न खाणारा माणूस आता स्वतःच बाकीच्यांना तिकडे घेऊन येऊ लागला, आणि खाणारेही त्याच्या ताटातलं सांबारं मागू लागले.

असंच शहाणपण इतर ठिकाणीही दिसतं, आणि ते बघितलं की मला आजीची आठवण येते. नागपूरच्या सावजी भोजनालयांत, मूळच्या हलबा कोष्टी विणकरांच्या त्या जहाल स्वयंपाकात, न खाणाऱ्यासाठी पाटोडी रस्सा आणि डाळ-कांदा असतो. बेसनाच्या पाटोड्या त्याच काळपट, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या रश्शात पडतात. इस्लामपूर-कराडच्या बाजूला हायवेवरच्या ढाब्यांवर अख्खा मसूर. कांदा-लसूण मसाल्यात घोटलेला, वर लसणाची फोडणी, बाजूला गरम रोटी. तो खायला माणसं वाट वाकडी करून येतात, त्यात मटण खाणारेही असतात. या पदार्थांनी मटणाची नक्कल केली नाही. त्यांनी त्याच चुलीचा, त्याच मसाल्याचा मान न खाणाऱ्याच्या ताटात ठेवला.

१९९६ मध्ये वांद्र्याला मॅकडोनाल्ड्स आलं, आणि त्या परदेशी कंपनीनं गोमांस वगळलं, शाकाहारी पदार्थांना वेगळी भांडी ठेवली, मेयोनीजमधून अंडं काढलं, बटाट्याची टिक्की पावात घातली. वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पावभाजीवाल्यांनी जैनांसाठी बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलं तेही मला आवडतं. त्यात गिऱ्हाइकाचा धर्म समजून घेण्याचे कष्ट आहेत.

ज्याचा मला मनापासून त्रास होतो ते म्हणजे पनीर. कुठल्याही मालवणी, कोल्हापुरी, वऱ्हाडी हॉटेलात जा, शाकाहारी पानावर पनीर मसाला, पनीर टिक्का, पनीर कोल्हापुरी. रस्सा एकच, लाल, आणि त्याचा त्या चुलीशी काही संबंध नसतो. न खाणाऱ्याची सोय केली असं दाखवायचं आणि आपल्या स्वयंपाकातलं काहीच त्याला द्यायचं नाही. ज्या मुलुखात काळा वाटाणा, काजू, फणस, अळू, कुळीथ आहे त्यानं हे करावं, याचं फार वाईट वाटतं.

काकांचं हॉटेल आता चुलतभाऊ बघतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. १८ जुलैला सुरू झालेला श्रावण, निज धरून, १५ सप्टेंबरपर्यंत चालला. मासेमारीची बंदी उठायच्या आधीच गिऱ्हाईक आटलं, तेही दोन महिने. अधिक पाळायचा की फक्त निज, यावर घराघरांत वाद झाले, तसे त्याच्या टेबलांवरही झाले. त्यानं त्या काळात सुरमईच्या जागी सांबारं-वडे फळ्यावर सगळ्यांत वर लिहिले, आणि आत्याला रिक्षानं आणून वाटपाची चव दाखवली. पनीर त्याच्या कार्डावर अजून आहे. मुलं मागतात म्हणतो. आम्ही त्यावरून भांडतो.

पण एका बाबतीत तो आजीवर गेलाय. मागं एक बाई जेवता जेवता थांबल्या आणि त्यांनी विचारलं, वडे कुठल्या तेलात तळता? कढई एकच होती आणि त्यानं तसं खरं सांगितलं. त्या उठून गेल्या. त्याच आठवड्यात त्यानं दुसरी कढई आणली, तिला वेगळा झारा दिला, आणि कार्डावर छापलं की शाकाहारी वडे वेगळ्या तेलात तळले जातात. कुणी विचारलं तर आत नेऊन दाखवतो. आता अडचण तव्याची आहे. सुरमई आणि सुरणाचे काप एकाच मोठ्या तव्यावर भाजले जातात, आणि दुसरी शेगडी बसायला ओट्यावर जागा नाही. तोवर शाकाहारी थाळीतून काप काढून टाकले आहेत. दिवाळीनंतर चार दिवस हॉटेल बंद ठेवून ओटा वाढवायचा, असं ठरलंय.