कॅट्स्किल-डेलावेअर पाणलोट कार्यक्रम

न्यूयॉर्क शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या डोंगराळ मुलखातील शेतकरी, वनमालक आणि गावे यांना सोबत घेऊन ओढ्या-नद्यांचे पाणी उगमाकडेच स्वच्छ राखण्याचा कार्यक्रम. १९९० मध्ये शहर आणि शेतकरी यांच्यात पेटलेल्या वादातून तो जन्मला आणि १९९७ च्या करारनाम्याने त्याचे हातपाय पक्के झाले. महाराष्ट्रात पाणलोटाचे काम म्हटले की पाणी अडवणे आणि जिरवणे डोळ्यांसमोर येते. कॅट्स्किलच्या डोंगरांत पाण्याला तोटा नव्हता. तंटा होता तो ओढ्याच्या काठी गोठा कोणी, कसा बांधायचा याचा आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा याचा.

न्यूयॉर्कची पाणीव्यवस्था क्रोटन, कॅट्स्किल आणि डेलावेअर अशा तीन शाखांची आहे. १९ जलाशय, ३ नियंत्रित तलाव आणि सुमारे ५,१०० चौरस किलोमीटरचा पाणलोट असा तिचा पसारा. टोकाचे पाणी जवळजवळ २०० किलोमीटर दूरवरून, बहुतांशी उताराच्या जोरावरच, शहरात उतरते. रोज १०० कोटी गॅलनच्या आसपास पाणी सुमारे ९० लाख लोकांना मिळते आणि त्यातले नव्वद टक्के कॅट्स्किल व डेलावेअर या दोन शाखांचे असते. या पाण्यावर क्लोरीनची आणि अतिनील किरणांची प्रक्रिया होते, पण ते गाळले जात नाही. एवढ्या मोठ्या शहराला न गाळलेले पाणी पुरवणारी दुसरी व्यवस्था अमेरिकेत नाही. पाणलोटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली असून त्यातले बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. म्हणजे पाणी शहराचे आणि ते जिथे पडते ती जमीन मात्र दुसऱ्याची.

या दुसऱ्याच्या मनात शहराविषयी जुनी अढी होती. १९०५ च्या कायद्याने शहराला डोंगरातली जमीन सक्तीने संपादन करण्याचा अधिकार मिळाला. अशोकन जलाशयासाठी १९०७ पासून सुमारे दोन हजार माणसे उठवली गेली, कबरीसुद्धा उकरून हलवल्या गेल्या. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत पेपॅक्टन आणि कॅननव्हिल जलाशयांत आणखी गावे बुडाली. कॅननव्हिल हे तर बुडालेल्या गावाचेच नाव. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि धरणाचे पाणी मुंबईला जाते. शहापूरकरांना कॅट्स्किलच्या माणसांचा राग समजावून सांगावा लागणार नाही.

ठिणगी पडली ती वॉशिंग्टनहून आलेल्या नियमाने. पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षिततेचा कायदा १९८६ मध्ये दुरुस्त झाला. त्याखाली १९८९ मध्ये नियम आला, की नद्या-तलावांतले पाणी पुरवणाऱ्यांनी ते गाळलेच पाहिजे, अन्यथा मुळातच ते स्वच्छ राहते आणि पाणलोटावर आपला ताबा आहे हे सिद्ध करून सूट मिळवली पाहिजे. कॅट्स्किल-डेलावेअरच्या पाण्यासाठी गाळणी प्रकल्प उभारायचा तर त्या वेळच्या अंदाजांनुसार ६०० ते ८०० कोटी डॉलर लागणार होते, शिवाय तो चालवण्याचा दरवर्षीचा खर्च वेगळाच. शहराने सूट मागायचे ठरवले. मात्र ‘ताबा’ दाखवण्यासाठी त्याने जुना मार्ग धरला आणि सप्टेंबर १९९० मध्ये कडक नियमावलीचा मसुदा काढला. ओढ्याकाठच्या पट्ट्यात काय करायचे आणि काय नाही, हे दीड-दोनशे किलोमीटर दूरचे कार्यालय ठरवणार होते.

शेतकरी खवळले, आणि त्याला कारण होते. डोंगराळ भागात सपाट जमीन मिळते ती ओढ्याच्या दोन्ही अंगांनाच. कुरण, मका, गोठा, घर सगळे त्याच पट्टीवर. ओढ्यापासून अमुक अंतर सोडा म्हटले की शेतीच गुंडाळायची वेळ येते. दुग्धव्यवसाय आधीच तोट्यात होता. शेती बुडाली तर जमीन बिल्डरच्या हाती जाईल, प्लॉट पडतील आणि सांडपाणी वाढेल. ही शेवटची गोष्ट शहराच्या बाजूने विचार करणाऱ्यांच्याही लक्षात आली आणि तिथून बोलण्याचा सूर बदलला. नीट चालणारे शेत हे पाण्याला धोका नाही, उलट त्याला पडलेले कुंपण आहे.

राज्याच्या कृषी खात्याने मध्यस्थी केली. शहराच्या पर्यावरण संरक्षण खात्याचे तत्कालीन आयुक्त अल्बर्ट ॲपलटन यांनी नियमावली बाजूला ठेवून शेतकऱ्यांचे ऐकून घेण्याची तयारी दाखवली. महिनोन्‌महिने बैठका झाल्या. त्यांतून जो सौदा ठरला त्याची मेख तीन कलमांत आहे. कार्यक्रमात यायचे की नाही हे शेतकऱ्याने ठरवायचे. सुधारणांचा सगळा खर्च शहराने द्यायचा. आणि कारभार शहराच्या नव्हे, तर शेतकऱ्यांचे बहुमत असलेल्या पाणलोट कृषी परिषदेच्या हाती राहायचा. ही परिषद १९९३ मध्ये वॉल्टन या गावी स्थापन झाली. बदल्यात शेतकऱ्यांनी एक जोखीम पत्करली: पाच वर्षांत ८५ टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत, नाहीतर शहर पुन्हा नियमांकडे वळायला मोकळे. जाणूनबुजून पाणी घाण करणाऱ्यावर कारवाईचा अधिकारही शहराने स्वतःकडे ठेवला.

८५ टक्क्यांची ही अट फार हुशारीची होती. ‘ऐच्छिक’ योजनांत तेवढे उत्साही लोक येतात आणि खरी घाण करणारा बांधावर उभा राहून मजा बघतो, हा जगभरचा अनुभव आहे. इथे शेजारी आला नाही तर आपलेही नुकसान, म्हणून शेजाऱ्याला समजावायला शेतकरीच गेले. पाणलोटात त्या वेळी सुमारे साडेतीनशे शेते होती. उद्दिष्ट गाठले गेले आणि पुढे सहभाग नव्वद टक्क्यांच्या वर गेला.

प्रत्यक्ष काम ‘संपूर्ण शेत आराखडा’ या पद्धतीने चालते. सुरुवात दहा प्रायोगिक शेतांपासून झाली. कॉर्नेल विद्यापीठाची विस्तार सेवा, जिल्ह्याचे मृद व जलसंधारण कार्यालय आणि केंद्राची संधारण सेवा यांची माणसे शेतकऱ्याबरोबर शेत पायी फिरतात आणि रोगजंतू, फॉस्फरस-नत्र, माती, रसायने यांपैकी काय, कुठून, कोणत्या वाटेने ओढ्यात उतरते ते पाहतात. अडवणूक तीन ठिकाणी करायची असते: जिथे घाण तयार होते तिथे, ती वाहत जाते त्या जमिनीवर, आणि शेवटी ओढ्याच्या काठावर.

कागदावर हे कोरडे वाटते, गोठ्यात गेल्यावर उलगडते. नमुन्यादाखल साठ-सत्तर दुभत्या गाईंचे शेत घ्या. गोठ्यासमोरच्या उघड्या आवारात गाई उभ्या राहतात, पाऊस पडला की तिथला शेणकाला उताराने थेट ओढ्यात जातो. गाई पाणी प्यायला त्याच ओढ्यात उतरतात, काठ तुडवतात आणि उभ्याउभ्या शेण टाकतात. दूध-खोलीतली भांडी आणि नळ्या धुतलेले पाणी पाइपाने बाहेर पडते. हिवाळ्यात शेण साठवायला जागा नसली तर ते रोजच्या रोज बर्फावरच पसरावे लागते, आणि मार्चमध्ये बर्फ वितळला की चार महिन्यांचा फॉस्फरस एकदम नदीत. आराखडा झाल्यावर आवाराला काँक्रीटची फरशी येते, छपराला पन्हळी बसतात म्हणजे पावसाचे स्वच्छ पाणी शेणात मिसळत नाही. शेण साठवायची जागा होते. ओढ्याला कुंपण पडते, कुरणात पाण्याच्या टाक्या येतात, गाईंना पलीकडे जायला छोटा पूल मिळतो. कोणत्या शेतात किती आणि केव्हा शेणखत टाकायचे, याचे माती तपासून वेळापत्रक बनते.

वासरांचे प्रकरण वेगळे. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी लहान वासरांच्या शेणात मोठ्या प्रमाणात असतो आणि क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात याच परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले, आणि तिथले पाणी गाळलेले होते! गाळणी प्रकल्प उभारला की निर्धास्त, असे मानणाऱ्यांना ही चपराक होती. कॅट्स्किलमध्ये त्यानंतर वासरांसाठी वेगळी, कोरडी, हवेशीर जागा करून देण्यावर भर आला. इथे शेतकऱ्याचाही फायदा होता, कारण अशा जागेत वासरे कमी आजारी पडतात. पाण्यासाठी केलेली सुधारणा शेतकऱ्याच्याही पदरात काही टाकते तेव्हाच ती टिकते, हे या कार्यक्रमात ठायीठायी दिसते.

गावांशी समेट व्हायला मात्र १९९७ उजाडले. पाणलोटातील गावांनी १९९१ मध्ये आघाडी करून शहराच्या विरोधात कायदेशीर लढाई उभी केली होती. गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांच्या पुढाकाराने झालेल्या वाटाघाटींनंतर जानेवारी १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्राची पर्यावरण संस्था, गावे आणि पर्यावरणवादी संघटना यांनी करारनाम्यावर सह्या केल्या. शहराला नवी नियमावली मिळाली, पण तिच्यासोबत पैशाची थैलीही सोडावी लागली. गावोगावची सांडपाणी केंद्रे शहराच्या खर्चाने सुधारली. घरांचे नादुरुस्त सेप्टिक टँक आणि शोषखड्डे दुरुस्त करून देण्यासाठी, तसेच स्थानिक उद्योगांना कर्जे देण्यासाठी कॅट्स्किल पाणलोट महामंडळ स्थापन झाले आणि त्यात स्थानिकांचा वरचष्मा राहिला. जमीन घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच आणि बाजारभावानेच. सक्तीचे संपादन शहराने सोडून दिले. घेतलेल्या जमिनीचा मालमत्ता कर शहर गावाला भरते. साडेतीन लाखांहून अधिक एकर जमिनीच्या मालकांकडे विचारणा करण्याचे बंधन शहरावर होते, विकण्याचे बंधन मात्र कोणावरही नव्हते.

ज्याला जमीन विकायची नाही, त्याच्यासाठी संवर्धन हक्काचा करार आहे. मालक बांधकामाचा हक्क कायमचा विकतो, शेती किंवा जंगल मात्र त्याच्याकडेच राहते आणि पुढच्या पिढीकडे जाते. १९९८ पासून ओढ्याकाठचा पट्टा झाडांसाठी सोडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राकडून दहा-पंधरा वर्षे भाडे मिळते, आणि खर्चाला शहराची जोड असते. वनमालकांसाठी व्यवस्थापन आराखडे, लाकूडतोड्यांसाठी प्रशिक्षण, ओढा न तुडवता लाकूड नेण्यासाठी हलवता येणारे पूल, अशीही मदत मिळते. ओढ्याकाठी घर असलेल्यांना काठावर लावायला देशी झाडे दिली जातात. हिरवळ थेट पाण्यापर्यंत कापत नेण्याची हौस मोडणे हे गोठा सुधारण्यापेक्षा सोपे असेल असे कोणी समजू नये.

फळ काय? पहिली सूट १९९३ मध्ये मिळाली आणि ती आजवर टिकून आहे. फॉस्फरसमुळे शेवाळाने ग्रासलेल्या कॅननव्हिल जलाशयावरचे निर्बंध २००० नंतर उठले. त्याचे श्रेय शेतांबरोबर वॉल्टनच्या सुधारलेल्या सांडपाणी केंद्रालाही जाते, आणि याच काळात अनेक गोठे बंद पडून गुरे घटली हेही विसरता येत नाही. तुलनेला क्रोटन शाखा आहे. तिचा पाणलोट शहराला लागून, वस्तीने गजबजलेला. तिथे गाळणी टळली नाही. ब्राँक्समधील व्हॅन कोर्टलँड उद्यानात गोल्फ मैदानाखाली बांधलेला तो प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा खर्च ३०० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता, आणि तो शहराच्या केवळ दहाएक टक्के पाण्यासाठी.

दुखणी राहिलीच आहेत. एसोपस आणि स्कोहारी ओढ्यांचे तळ बारीक चिकणमातीचे आहेत. ऑगस्ट २०११ मधील आयरीनसारखे वादळ आले की पाणी लालसर गढूळ होते आणि शहराला केन्सिको जलाशयाच्या तोंडाशी तुरटी सोडावी लागते. यात जमीनमालकाचा दोष थोडा, भूगर्भाचा अधिक. गावांची तक्रार निराळी आहे: शहर जमिनी घेत राहिले तर तरुणांना घर बांधायला सपाट जागा उरणार नाही. आज शहर, राज्य आणि संवर्धन करार मिळून पाणलोटाचा सुमारे ४० टक्के भाग सुरक्षित झाला आहे. अमेरिकी राष्ट्रीय अकादमीच्या तज्ज्ञांनीही २०२० च्या अहवालात सरसकट जमीनखरेदीवरचा भर कमी करून तो पैसा नदीकाठ आणि इतर कामांकडे वळवण्याचा सल्ला दिला. गावांचे म्हणणे रास्त आहे. शेतकऱ्यांना जी ‘नाही’ म्हणण्याची मुभा मिळाली, तिचे मोल खरेदीच्या आकड्यांमागे धावताना शहर कधीकधी विसरले.

सध्याची सूट न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने डिसेंबर २०१७ मध्ये दहा वर्षांसाठी दिली आहे. शेत आराखडे, शोषखड्ड्यांची दुरुस्ती, नदीकाठची लागवड ही कामे चालू ठेवणे ही तिची अट आहे.